तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये

स्कॉटलंडमधल्या ओबनच्या धक्क्यावर आमची गाडी फेरीबोटीच्या रांगेत उभी होती आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

कारण अगदीच क्षुल्लक. ग्लासगोहून येताना लॉख लोमंड नावाच्या तळ्याच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याचा एक टप्पा फार अरुंद आहे. माझ्या बाजूला कातळ, पलीकडे तळं आणि समोरून ओंडके लादलेला ट्रक. मी डावीकडच्या सीटवर बसून सगळ्या ताकदीनिशी ब्रेक दाबला. म्हणजे पायपुसणी दाबली.

"तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये," नवरा म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

या 'मग?'ला लग्नाच्या चोवीस वर्षांत मला उत्तर सापडलेलं नाही. पुढचा दीड तास मी फक्त 'डावीकडे' आणि 'सरळ' एवढंच बोलले. तेही फोनमधल्या बाईने सांगून झाल्यावर, तिच्या मागून, साक्षीदारासारखं.

आम्ही निघालो होतो मल बेटावर. हो, मल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागून हेब्रिडीज नावाची बेटं विखुरलेली आहेत, त्यांतलं हे एक मोठं. मराठी माणसाने या नावाचं करायचं काय, हा प्रश्न तिकिटं काढल्यापासून आमच्यापुढे होता. सासूबाईंना फोनवर सांगताना नवऱ्याने 'स्कॉटलंडमधलं एक बेट' एवढ्यावर भागवलं. मी काही दिवस त्याला 'मल्ल' म्हणून पाहिलं, पण त्यात उगाच लंगोट आणि लाल माती यायला लागली. मग कळलं की गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत त्याचा उच्चार जवळपास 'मुल्य' असा होतो. हे आम्हाला दोघांनाही पटलं, पण तोवर जिभेला मलची सवय झाली होती. तर मल. साधारण ८७५ चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती तीन हजारांच्या आसपास, आणि पूल नाही. गाडी न्यायची तर बोटीत घालूनच न्यायची.

गाडी बोटीत घालणं हा प्रकार मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. काळ्या अंगाची, लाल धुराड्याची बोट धक्क्याला लागते, तोंड उघडते आणि आतून गाड्या ओकायला लागते. त्या संपल्या की आपली पाळी. नारिंगी जॅकेट घातलेला माणूस फक्त बोटं हलवतो: ये, ये, अजून ये. आपल्याला वाटतं आता पुढच्या गाडीला टेकलोच, तर तो आणखी दोन बोटं वाकवतो. मी अर्थातच पायपुसणी दाबत होते. मग त्याने तळहात दाखवला. हँडब्रेक लावा, चोरीचा अलार्म बंद करा (बोट हलली की सगळ्या गाड्या एकदम बोंबलायला लागतात म्हणून), आणि वर जा. बोट चालू असताना गाडीत बसून राहायला परवानगी नाही. कार-डेकची दारं बंद होतात.

हे वाचायला नुसता नियम वाटतो. पण लोखंडी जिना चढून वरच्या डेकवर आलो, वारा तोंडावर आला, आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून पहिल्यांदाच आमच्यापैकी कोणीही चालवत नाहीये आणि कोणीही रस्ता सांगत नाहीये. गाडीत नवरा-बायको कधी शेजारी शेजारी बसत नाहीत. एक चालक असतो आणि दुसरा त्याचा नकाशा, त्याचा आरसा, पाण्याची बाटली उघडून देणारा हात आणि शिवाय परीक्षक. फेरीवर या सगळ्या नेमणुका रद्द होतात. नवरा रेलिंगला टेकून उभा होता, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

मागे ओबन लहान होत चाललं होतं. गावाच्या डोक्यावर कलोझियमसारखा गोल, कमानी-कमानींचा एक सांगाडा दिसत होता. मॅककेग नावाच्या बँकरने १८९७ मध्ये तो बांधायला घेतला. स्वतःच्या घराण्याचं स्मारक व्हावं आणि हिवाळ्यात गवंड्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून. १९०२ मध्ये तो गेला आणि बांधकाम तिथेच थांबलं. आत इमारत नाहीच, नुसत्या भिंती आणि मध्ये बाग. "किती वर्षं चाललं असेल काम?" मी विचारलं. "पाचेक," तो म्हणाला. बोलणं सुरू झालं ते असं. मॅककेगचे आभार.

पाऊण तासाहून थोडा जास्त असा तो प्रवास. अर्ध्याहून पुढे गेल्यावर लिझमोर बेटाच्या टोकाशी १८३३ सालचा एक पांढरा दीपस्तंभ येतो आणि त्याच्या पलीकडे पाण्यातून जेमतेम वर आलेला एक खडक. त्याला 'लेडीज रॉक' म्हणतात. बायकोचा खडक म्हणा ना. सोळाव्या शतकात समोरच्या डुआर्ट किल्ल्याचा धनी, मॅक्लेन घराण्याचा मुख्य, आपल्या बायकोला कंटाळला. ओहोटीला तिला या खडकावर सोडून आला, भरती उरलेलं काम करील या हिशेबाने. सकाळी पाहिलं तर खडक रिकामा. मग शोकाकुल चेहरा करून तो सासरी, तिच्या भावाकडे बातमी द्यायला गेला, तर जेवणाच्या मेजावर बायकोच बसलेली. कोळ्यांनी तिला रात्रीच उचललं होतं. पुढे या भाऊजींना मेहुण्याच्या माणसांनी गाठून संपवलं, असं सांगतात. दंतकथेत तपशील इकडचे तिकडे होतात, पण जेवणाच्या मेजाचा प्रसंग कोणी वगळत नाही, आणि वगळूही नये.

"त्या मानाने आपलं बरं चाललंय," नवरा म्हणाला.

"भरती यायची आहे अजून," मी म्हणाले.

डुआर्ट किल्ला नंतर पडीक झाला होता. १९११ मध्ये मॅक्लेन घराण्याच्याच वंशजाने तो परत घेऊन दुरुस्त केला. आता बोटीतून पाहताना तो इतका नीटनेटका दिसतो की अशा घरात असलं काही घडलं असेल यावर विश्वास बसत नाही. पण नीटनेटक्या घरांचं काही सांगता येत नाही.

मलवरच्या क्रेगन्यूरला उतरलो आणि खरा रस्ता सुरू झाला.

मल बेटावरचे बहुतेक रस्ते एकपदरी आहेत. एकपदरी म्हणजे दोन्ही दिशांना मिळून एक पदर. दर थोड्या अंतरावर रस्त्याला पोट सुटल्यासारखी एक फुगीर जागा असते आणि तिथे पांढरी पाटी: 'पॅसिंग प्लेस'. नियम सोपे आहेत. समोरून कोणी आलं की ज्याला फुगीर जागा जवळ, त्याने थांबायचं. ती आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला, तिच्या समोर थांबून राहायचं, म्हणजे समोरचा तिच्यात शिरून निघून जातो. चढ चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. मागून कोणी घाईत येत असेल तर त्यालाही जाऊ द्यायचं. तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. आणि गरज पडली तर रिव्हर्स घेत मागच्या जागेपर्यंत जायचं.

शेवटच्या नियमाशी आमचं फाटलं.

माझा नवरा गाडी उत्तम चालवतो. पुढे. घाट, पाऊस, रात्र, काहीही असो, त्याचा हात डगमगत नाही. पण रिव्हर्स घ्यायची वेळ आली की त्याच्या चेहऱ्यावर एक अपमान उमटतो. समोरच्याने दिवे मिचकावून वाट दिली की तो खूश. आपल्याला मागे जावं लागलं की तो मनात कुठेतरी नोंद करतो. मनातच नाही, दुसऱ्या दिवसापासून तो मोठ्याने आकडे सांगायला लागला. "तीन-एक." म्हणजे तीनदा आम्ही मागे गेलो, एकदा समोरचा. मी म्हटलं, ही काय मॅच आहे का? तर म्हणे, "नाही, पण कळायला नको?" बाकी मजा अशी की समोरून जाणारा प्रत्येक जण हात वर करतो. काही जण आख्खा पंजा, मुरलेले लोक स्टिअरिंगवरचं एक बोट फक्त उचलतात. नवरा ते एक बोट शिकला, अगदी हुबेहूब. मागे जाणं मात्र काही शिकेना.

पहिला पूर्ण दिवस आम्ही नैर्ऋत्येच्या टोकाला गेलो. क्रेगन्यूरपासून फिनफर्टपर्यंतचा रस्ता साठ किलोमीटरच्या आतबाहेर असेल, पण घाईने घेण्यासारखा नाही. वाटेत ग्लेन मोर नावाची दरी, बाजूला ९६६ मीटर उंचीचा बेन मोर, आणि रस्त्यावर मेंढ्या. मे महिना होता. कोकरं रस्त्याच्या मधोमध पाय पसरून डांबराची ऊब घेत पडलेली. डोंगरांचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे, काळसर. पाहताक्षणी ओळखीचे वाटले, आणि ते खरंच नात्यातले निघाले. सहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. सह्याद्री घडला तोही असाच, थोडा आधी. एवढ्या लांब येऊन पुन्हा बसाल्टच पाहायचा होता तर, असं नवरा म्हणाला, पण गाडी त्यानेच थांबवली. पॅसिंग प्लेसमध्ये नाही, हे नमूद करते.

फिनफर्टला गाडी ठेवावी लागते. समोरचं आयोना बेट फक्त दहा मिनिटांवर आहे, पण पाहुण्यांना तिथे गाडी नेता येत नाही. साडेपाच किलोमीटर लांबीचं, दीडेक किलोमीटर रुंदीचं, पायी फिरायचं बेट. ५६३ मध्ये कोलंबा नावाचा आयरिश साधू बारा सोबत्यांना घेऊन इथे उतरला आणि त्याने मठ उभारला. पुढे वायकिंगांनी तो पुन्हा पुन्हा लुटला. ८०६ मधल्या हल्ल्यात ६८ माणसं मारली गेली. आजची दगडी इमारत मध्ययुगातली, विसाव्या शतकात दुरुस्त केलेली. पण दारासमोर सेंट मार्टिनचा क्रूस उभा आहे तो आठव्या शतकातला. बाराशे वर्षं वारा-पाऊस खात एकाच जागी उभा. मी त्याच्या सावलीच्या बाजूने हात लावून पाहिला.

मला मठापेक्षा धक्क्याजवळचे जोगिणींच्या मठाचे अवशेष जास्त आवडले. छप्पर नसलेल्या गुलाबी भिंती आणि फटीफटीतून उगवलेली फुलं. गुलाबी, कारण तो दगड इथलाच. मल बेटाची ही नैर्ऋत्येची सोंड गुलाबी ग्रॅनाइटची आहे, आणि हा दगड पुढे बोटींतून लांब लांब गेला. त्याबद्दल नंतर.

आयोनावर आम्ही चांगले पाच-सहा तास चाललो. उत्तर टोकाला पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी आहे. इतकं थंड की घोट्यापर्यंत पाय घातले तर हाड ठणकलं. त्या दिवशी आमच्यात काहीच झालं नाही. भांडण नाही, तसं काही लक्षात राहण्यासारखं बोलणंही नाही. तो पुढे चालायचा, थांबायचा, मी गाठायचे, मग मी पुढे. तिथे कुणी आकडे सांगितले नाहीत. परतीच्या बोटीत त्याने माझ्या बुटातली वाळू समुद्रात झटकली, आणि गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य बोलला ते "चल, साडेसहा वाजले, बेल्ट लाव."

तिसऱ्या दिवशी ग्रिबन.

दक्षिणेकडून येणारा रस्ता एका खिंडीतून खाली उतरतो आणि समुद्राच्या काठावर येऊन उजवीकडे वळतो. उजव्या हाताला सरळसोट कडा, डाव्या हाताला खाली पाणी. गाडी डावीकडून चालवायची, म्हणजे पाण्याच्या बाजूला कोण, तर मी. कड्याखाली घरांपेक्षा मोठे धोंडे पडलेले आहेत. त्यांतल्या एकाची गोष्ट इथे सगळे सांगतात. कड्याच्या पायथ्याशी एक झोपडी होती. नवं लग्न झालेलं जोडपं पहिल्या रात्री तिच्यात राहायला आलं. रात्री वादळ झालं, कड्यावरून धोंडा सुटला आणि घरावर बसला. उचलणं शक्यच नव्हतं, आजही नाही. दोघं अजून त्याच्याखालीच आहेत. भोवती बागेच्या जुन्या भिंतीचे दगड दिसतात.

मी उतरून पाहून आले. धोंड्यावर शेवाळ, वर गवत, एक मेंढी शांतपणे चरत होती. लेडीज रॉकवर बायको वाचली, नवरा गेला. इथे दोघंही गेले. या बेटावर जोडप्यांच्या गोष्टी दगडांनाच का चिकटलेल्या आहेत कोण जाणे. मी हे बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "पहिल्याच रात्री. बिचाऱ्यांचं एकदाही भांडण झालं नसेल." मला हे फार आवडलं. तसं मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कारण पुढच्या पाच मिनिटांत वातावरण पालटलं.

पुढच्या वळणावर समोरून एक मोठी कॅम्परव्हॅन आली. आमची पॅसिंग प्लेस मागे, चाळीसेक पावलांवर. त्यांची कुठे होती ते वळणामुळे दिसत नव्हतं. नवऱ्याने गाडी थांबवली. त्यांनीही थांबवली. सगळं शांत.

"मागे घे ना," मी म्हणाले.

"सात-दोन झालेत. आता त्याची पाळी."

"त्याला कुठे माहितीय?"

व्हॅनमध्ये सत्तरीतलं एक जोडपं होतं. आजोबा चाकावर, आजी नकाशा मांडीवर घेऊन. आजींचे ओठ हलत होते. काय बोलत होत्या ते काचेतून ऐकू येत नव्हतं, पण मला शब्दन् शब्द कळत होता.

शेवटी याने रिव्हर्स टाकला. रागात टाकला. मान न वळवता, पडद्यावरच्या कॅमेऱ्यात बघत. कॅमेऱ्याच्या काचेवर दोन दिवसांचा चिखल. मी "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत होते, आणि मागे जाताना उजवीकडे म्हणजे स्टिअरिंग कुठे फिरवायचं यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. मागचं डावं चाक डांबरावरून सरकलं आणि दलदलीच्या गवतात बसलं. समुद्र अजून बराच खाली होता, मध्ये रुंद गवताळ पट्टा होता, धोका काही नव्हता. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी पायपुसणी फाडायची बाकी ठेवली होती.

व्हॅनमधून दोघं उतरले. आजोबांनी चाकाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, काहीच बोलले नाहीत. मग ते, मी आणि आजी असे तिघं मागून ढकलायला लागलो आणि नवरा आत बसून अॅक्सिलरेटर देत होता. चाक गरगरलं. सगळा चिखल माझ्या आणि आजींच्या अंगावर. आजींनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. मीही हसायला लागले. तिसऱ्या खेपेला गाडी वर आली.

नवरा उतरला, त्यांची माफी मागितली, आभार मानले. मग चालत डावीकडच्या दाराशी आला आणि तिथेच उभा राहिला. मला समजायला दोन क्षण लागले.

"तू घे," तो म्हणाला.

भाड्याने घेताना आम्ही दोघांची नावं चालक म्हणून दिली होती. इथे पाहुण्यांना भारतीय लायसन्सवर वर्षभर गाडी चालवता येते, बाजूही आपलीच, डावी. पण मी चालवीन असं आमच्यापैकी कोणी धरलंच नव्हतं. मी हळू चालवते. फार हळू. मागे रांग लागते. पण रिव्हर्स मला येतो. मान वळवून, एका हाताने, आरशात बघत. मी बसले, सीट पुढे घेतली, आणि ती चाळीस पावलं मागे जाऊन त्या पोटात गाडी उभी केली. व्हॅन शेजारून गेली. आजोबांनी एक बोट उचललं. आजींनी दोन्ही हात.

"आठ-दोन," मी म्हणाले. तो काही बोलला नाही. नंतर त्याने आकडे सांगणं बंदच केलं.

पुढे लॉख ना कील नावाच्या खाडीच्या काठाने रस्ता जातो. तिथे तिपायांवर दुर्बिणी लावून दहा-बारा माणसं एकाच दिशेला बघत उभी होती. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड. ब्रिटनमधला शेवटचा १९१८ मध्ये गोळी घालून मारला गेला. मग १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून जवळच्या रम बेटावर सोडायला सुरुवात झाली, आणि १९८५ मध्ये या मल बेटावर जन्मलेलं पिल्लू घरट्यातून उडालं. जवळजवळ सत्तर वर्षांत पहिलंच. पंखांचा पसारा आठ फुटांपर्यंत जातो. लोक त्याला 'उडतं दार' म्हणतात. आम्हाला एक दिसला, खूप वर, आणि तो खरंच कोणीतरी कडीकोयंड्यासकट उखडून वाऱ्यावर सोडलेल्या दारासारखा दिसत होता. मी गाडी कुठे लावावी या विवंचनेत होते, त्यामुळे माझ्या वाट्याला तो अर्धाच आला. चालवणाऱ्याला देखावा मिळत नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तीन दिवस मी "अरे ते बघ, ते बघ" करत होते आणि तो "हं" म्हणत होता. ते 'हं' मी उदासीनतेच्या खात्यात टाकत आले होते.

याच खाडीच्या तोंडाशी अल्वा बेट आहे. मधली खाडी इतकी अरुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारावी. पण हाक मारायची नसते. इकडच्या धक्क्यावर एक पाटी आहे. तिच्यावरची फळी सरकवली की आतला लाल रंग उघडा पडतो. तो दिसला की पलीकडून नावाडी होडी घेऊन येतो. ना घंटा, ना अॅप. मी फळी सरकवली आणि आम्ही वाट बघत बसलो. घरात अशी एखादी फळी हवी होती असं मला वाटून गेलं. काही बोलायचं नाही. लाल करून ठेवायची.

या पाण्यात बुडून मेलेल्या एका प्रेमी जोडप्यावर इंग्रजीत जुनी कविता आहे. वादळात बापापासून पळून जाणारी मुलगी, तिचा प्रियकर आणि नावाडी. शाळेत ती घोकली होती, पण ही तीच जागा हे तिथे उभं राहिल्यावर समजलं. आमच्या वेळी पाणी ताटलीसारखं सपाट होतं. अल्वावर एकेकाळी सहाशेच्या आसपास माणसं राहायची. १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक बुडालं आणि जमिनीच्या मालकाने मेंढ्यांसाठी घरंच्या घरं रिकामी करवली. आज रानात फिरताना गवतातून अचानक चौकोनी भिंती वर येतात: चूल कुठे होती ते कळतं, दार कुठे होतं ते कळतं. २०१८ मध्ये लोकांनी एकत्र येऊन हे बेट विकत घेतलं, तेव्हा तिथे पाच-सहा जण उरले होते. एका भिंतीला टेकून आम्ही बराच वेळ बसलो. दगडांच्या गोष्टींत ही चौथी, पण इथे कोणाचं नाव राहिलेलं नाही.

कॅलगरीचा किनारा सुंदर आहे, आणि कॅनडातल्या कॅलगरी शहराला त्याचंच नाव दिलंय हे सांगितल्याशिवाय तिथे कोणी तुम्हाला सोडत नाही. टोबरमोरी म्हणजे ओळीने उभी लाल-पिवळी-निळी घरं. १७८८ मध्ये मासेमारीसाठी मुद्दाम वसवलेलं गाव. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं एक जहाज इथल्या खाडीत बुडालं, त्यात सोनं होतं असं म्हणतात, आणि ते शोधण्यात सोन्याहून जास्त पैसा बुडाला असावा. गाव फोटोत दिसतं तेवढंच देखणं आहे. त्याहून जास्त नाही. आम्ही एक रात्र राहिलो, रात्री साडेनऊपर्यंत रेंगाळणाऱ्या उजेडात धक्क्यावर बसलो आणि सकाळच्या छोट्या फेरीने निघालो.

आलो त्याच वाटेने परतायचं नाही हे नवऱ्याने आधीच ठरवलं होतं. टोबरमोरीहून किलखोनला पस्तीस मिनिटं लागतात. पलीकडे मुख्य भूमी, पण आर्डनामर्खन नावाचं ते टोक बेटाहून अधिक बेट वाटतं. रस्ते तसेच, वस्ती त्याहून विरळ. टोकाला १८४९ सालचा ३६ मीटर उंच दीपस्तंभ आहे, आणि तो बांधलाय मल बेटाच्या ग्रॅनाइटने. आयोनासमोर पाहिलेला गुलाबी दगड इथे एवढ्या लांब येऊन उभा होता. नवरा त्याला हात लावून म्हणाला, "हाही फेरीनेच आला असणार."

मीच चालवत होते. आता तो नकाशा होता, आणि नकाशा म्हणून तो भयंकर आहे. वळण मागे गेल्यावर "इथूनच होतं बहुतेक" म्हणतो. पण पॅसिंग प्लेस हेरण्यात मात्र त्याने प्रावीण्य मिळवलं: "पुढे डावीकडे एक, त्याच्या पुढे उजवीकडे, समोर व्हॅन आहे, तू थांब." वाटेत स्ट्रॉन्शियन गाव लागलं. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य याच गावच्या खाणीतल्या खनिजातून ओळखलं गेलं, नावही गावाचंच. फटाक्यांतला लाल रंग त्याचा. गाव मात्र इतकं शांत की तिथे कधी फटाका फुटला असेल असं वाटत नाही.

शेवटची फेरी कोरनची. लॉख लिनी या लांबलचक खाडीला एका ठिकाणी चिमटा बसलाय, तिथे ती पाच मिनिटांत पलीकडे नेते. इथे जिना चढून वर जायचं नाही. एवढ्याशा वेळासाठी लोक गाडीतच बसून राहतात. नारिंगी जॅकेटवाल्याने बोटं वाकवली, मी पुढे घेतली, त्याने तळहात दाखवला. हँडब्रेक, इंजिन बंद. रॅम्प उचलला गेला आणि आमच्या काचेतून समोरचा किनारा आडवा सरकायला लागला. ओहोटीचा प्रवाह जोराचा होता, बोट तिरकी तिरकी चालली होती.

मी चाकावरून हात काढून मांडीवर ठेवले. काहीतरी दाखवायला म्हणून नवऱ्याकडे वळले, बहुतेक मागच्या किनाऱ्यावरचा पांढरा दीपस्तंभ असावा, आणि माझी नजर खाली गेली.

त्याचा उजवा पाय पायपुसणीवर घट्ट रोवलेला होता.